कोकणात कमाई कमी दिसते, तरी पासबुकात शिल्लक कशी?

तुमचा प्रश्न असा, की तुम्ही मूळचे लातूरकडचे, बँकेत नोकरीला, आणि नुकतीच रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीला बदली झाली. इकडे जमीन गुंठ्यांत, कारखाना नजरेत नाही, तरी घरं जांभ्या चिऱ्याची, ठेवींचे आकडे चांगले आणि कर्जाला मात्र फारसं कुणी फिरकत नाही. तुमच्या गावी दहा एकरवालासुद्धा कर्जात असतो. मग कोकण गरीब म्हणायचं की श्रीमंत?

मी याच तालुक्यात बावीस वर्षं पोस्टाच्या आरडीचं, म्हणजे दरमहा हप्ता भरायच्या आवर्ती ठेवीचं, काम करते, महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेची एजंट म्हणून. पगार किती हे लोक मला सांगत नाहीत, पण हप्ता चुकला की कारण सांगतात. त्यामुळे कुणाच्या घरात पैसा कुठून येतो आणि कोणत्या महिन्यात आटतो, हे बऱ्यापैकी ठाऊक असतं.

आधी आकड्यांचं बोलू. जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न काढताना त्या जिल्ह्याच्या हद्दीत जे निर्माण झालं तेवढंच धरतात आणि त्याला लोकसंख्येने भागतात. आमच्या वाडीतला मुलगा भांडुपला कंपनीत असेल, तर त्याची कमाई मुंबई उपनगर जिल्ह्यात धरली जाते. तो महिन्याला आईच्या खात्यावर पाच हजार टाकतो, ते रत्नागिरीच्या उत्पन्नात कुठेच दिसत नाहीत. पण त्यातले हजार आईने बाजूला ठेवले, की ती रत्नागिरीची ठेव झाली. कमाई एका जिल्ह्याच्या नावावर आणि शिल्लक दुसऱ्याच्या. तुमच्या कोड्याचा मोठा भाग इथेच सुटतो.

उलट बाजूनेही फसायला होतं. 'कोकण विभाग' म्हणून सरासरी काढली की त्यात मुंबई आणि ठाणे येतात, आणि विभाग राज्यात वरच्या रांगेत जाऊन बसतो. त्याच विभागात पालघरमधलं जव्हार-मोखाडा आहे, जिथून दिवाळीनंतर माणसं पोरांसकट वीटभट्ट्यांवर निघतात. अशा सरासरीवरून कुणाच्याही चुलीबद्दल काही कळत नाही.

म्हणून इथलं घर मोजायचं तर दोन्ही टोकं धरून मोजा, गावची चूल आणि मुंबईचा पगार. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, २०११ मध्ये ती १६,१५,०६९ झाली. सिंधुदुर्गातही घट झाली. एकूण महाराष्ट्राची मात्र वाढत होती. त्याच २०११ ला रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. पुष्कळ घरांतले पुरुष बाहेर, याचाच तो आकडा.

माझे वडील मुंबईत लालबागच्या एका कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या मागांवर, होते. गावच्या माणसांची मिळून एक खोली होती, पाळीपाळीने झोपायचे, आणि दर महिन्याला घरी मनीऑर्डर यायची. पोस्टमन ओटीवर बसून नोटा मोजायचा, आई सही करायची, आणि मग ती फॉर्मच्या खालची चिठ्ठी आम्हाला वाचायला द्यायची. चार ओळींची जागा असायची. 'लावणी उरकून घेणे. बैलाला पेंड आणणे. बाबूची फी भरणे.' उरलेले पैसे तांदळाच्या डब्यात, तांदळाच्या खाली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि आमची मनीऑर्डर थांबली. वडील काही महिन्यांनी गावी परतले. त्या वर्षी आम्ही जे खाल्लं ते घरचं भात, कुळीथ आणि डब्याच्या तळातले पैसे. आमच्या पिढीच्या डोक्यात बचतीचा अर्थ तिथून पक्का झाला: येणारा पैसा कधीही थांबू शकतो. कोकणी माणूस चिक्कू आहे असं बाहेरचे म्हणतात, तेव्हा मला वाईट वाटतं. त्या चिक्कूपणामागे गिरणीचं बंद दार आहे.

आता मुंबईचं कामही बदललंय. गिरणीत निदान कायम नोकरी होती, फंड होता, ग्रॅच्युइटी होती. आज वाडीतली बरीच मुलं कंत्राटावर आहेत, कुणी सिक्युरिटीत, कुणी मॉलमध्ये, कुणी डिलिव्हरीला. खोलीभाडं विरार-बदलापूरलाही परवडेनासं झालंय, मग गावी पाठवायला उरणार किती? मी हे हप्त्यांत बघते. पूर्वी हजाराची आरडी संपली की पुढची दोन हजाराची निघायची. आता पुष्कळ जण पुन्हा हजाराचीच काढतात, काही पाचशेवर येतात. नाबार्डच्या २०२१-२२ च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण कुटुंबाचं महिन्याचं सरासरी उत्पन्न १२,६९८ रुपये आणि वर्षाची सरासरी बचत १३,२०९ रुपये निघाली होती, म्हणजे महिन्याला अकराशेच्या आसपास. माझ्याकडची बहुतेक खाती याच मापाची आहेत. हजाराचा हप्ता साठ महिने भरला तर ६.७ टक्के दराने हातात सुमारे ७१ हजार येतात. एवढ्यात एका मुलाचं डिप्लोमाचं एखादं वर्ष निघतं किंवा घराची कौलं जाऊन पत्रे चढतात. चिऱ्याच्या घराकडे बघून अंदाज बांधू नका. बरीच घरं पंधरा वर्षांत, एकेक खोली करत उभी राहिलीत, आणि त्यातली कित्येक गणपती-शिमगा सोडला तर कुलूपबंद असतात.

बंदरावरचा पैसा वेगळा चालतो. हर्णैला मासे विकणारी एक बाई माझ्याकडे अकरा वर्षं खातं चालवते. कमरेच्या प्लास्टिकच्या पिशवीतून नोटा काढते, ओल्या, खवले चिकटलेल्या. मी त्या घरी पेपरवर पसरून पंख्याखाली वाळवते आणि मग पोस्टात नेते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. दर वर्षी मेच्या तिसऱ्या आठवड्यात ती मला लिलावाच्या गर्दीतून हाक मारते, "ताई, जून-जुलैचं आत्ताच घेऊन टाक. मग माझ्या दारात येऊ नको." अकरा वर्षांत तिचा एक हप्ता चुकला नाही. तिची महिन्याची कमाई विचाराल तर तिलाही सांगता येणार नाही. एखाद्या आठवड्यात चार हजार, पुढच्या आठवड्यात वारा सुटला की शून्य. सरासरी काढणाऱ्याने तिच्या घरी मे महिन्यात जावं की जुलैत, यावर ती सुखवस्तू ठरणार की दरिद्री हे अवलंबून आहे.

कर्जाचं कोडं मात्र तुम्ही बँकेच्या खिडकीतून बघताय म्हणून तसं दिसतंय. लातूरकडे दहा एकर सोयाबीन असलं तर सातबारा एकाच्या नाहीतर दोन भावांच्या नावावर, त्यावर सोसायटीचं पीककर्ज, मग बोअर, मग पाऊस गेला की थकबाकी. आमच्याकडे पंधरा गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर चाळीस नावं असतात. त्यातले दहा मेलेले, वारस नोंद नाही, पाच जण डोंबिवलीला आणि दोघांचं बोलणं बंद. सगळ्यांच्या सह्या आणायच्या कुठून? त्या सह्यांशिवाय सामायिक सातबाऱ्यावर बँक कर्ज देत नाही, म्हणून माणूस बँकेत येत नाही. यात समाधानाचा भाग थोडा आहे. शेतावर फार खर्चच करत नाहीत, लग्नं अजून पुष्कळशी दारातल्या मांडवात होतात, हेही खरं. पण गरज नाही असं समजू नका.

गरज दुसरीकडे भागते. आंबा बागायतदार फवारणी, राखण आणि खोक्यांसाठी वाशीच्या बाजारातल्या दलालाकडून हंगामाआधी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतो आणि पेट्या त्यालाच पाठवतो. भाव काय लागला ते पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, आल्यावर कळतं. बोटवाला डिझेल-बर्फासाठी मासळीच्या व्यापाऱ्याकडून घेतो, मासळी त्यालाच घालतो. खलाशी बोटवाल्याकडून उचल घेतो. यातलं एकही कर्ज तुमच्या कुठल्या तक्त्यात येणार नाही, आणि व्याज भावातून कापलं जातं.

निसर्ग चक्रीवादळाच्या वर्षाचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ३ जून २०२०. आधीच टाळेबंदी, मुंबईकर मंडळी गावात परतलेली, म्हणजे खाणारी तोंडं वाढली आणि पाठवणारे हात थांबले. त्यात एका दुपारीत माड, पोफळी, आंबे आडवे झाले. पोफळीची बाग पुन्हा धरायला सहा-सात वर्षं लागतात. आरडी तीन वर्षं झाल्याशिवाय मोडता येत नाही, आणि मोडली तर व्याज बचत खात्याचं. लोकांना हे सगळं माहीत होतं, तरी पोस्टाबाहेर रांग लागली. मी त्या दिवसांत भरायचे फॉर्म कमी आणि मोडायचे जास्त लिहिले. माझ्याच नात्यातल्या एका बाईचे पैसे एका पतसंस्थेत होते, जास्त व्याजाच्या आशेने ठेवलेले, ती संस्था त्याच सुमारास बसली. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेला ते नसतं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगायला हवं होतं.

ज्यांची खाती माझ्याकडे कधीच आली नाहीत, त्यांच्याबद्दलही लिहायला हवं. कातकरी वाडीतली माणसं उचल घेऊन कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्यांवर जातात. पावसाळ्यात परततात ती बहुधा पुढच्या वर्षाची उचल अंगावर घेऊनच. आणि आंब्याच्या बागांत राखणीला, बोटींवर खलाशी म्हणून आता नेपाळी मुलं आहेत. महिना झाला की ती मोबाइलवरून घरी पैसे पाठवतात. आमच्या ओटीवर जो पोस्टमन यायचा, तो आज इथून निघून नेपाळच्या कुठल्यातरी गावात पोचतो, असं मला वाटतं.

तर गरीब की श्रीमंत, याला माझं उत्तर असं: इथल्या घरांत शिल्लक आहे, पण ती भीतीने राखलेली आहे आणि जिथे राखली तिथे ती कामाला येत नाही. मी गोळा केलेला पैसा अल्पबचत निधीतून सरकारकडे जातो. तुमच्या शाखेत जमलेला, इथे कर्ज उठत नाही म्हणून, दुसऱ्या भागातल्या कर्जदाराकडे जातो. रायगडात कारखाने आले, सिंधुदुर्गातून पोरं रोज गोव्याला कामाला जातात. आमच्या तालुक्यात ना ते ना हे. कृषी विद्यापीठ १९७२ पासून दापोलीत आहे, पर्यटक येतात, बाकी मुंबईच.

तुम्ही बँकेत आहात म्हणून एक मागणं. त्या मासेवाल्या बाईची मुलगी पदवीधर आहे. तिला काजू फोडून, सोलून पाकिटं करायचं युनिट घरामागे टाकायचंय. एका शाखेतून सातबाऱ्यावरची नावं बघून तिला परत पाठवलं. मुद्रा योजनेला तारण लागत नाही, आणि प्रक्रिया उद्योगाच्या केंद्राच्या योजनेत ३५ टक्के अनुदान आहे, हे मी तिला वाचून दाखवलंय. जमिनीऐवजी तिच्या आईचं अकरा वर्षांचं पासबुक बघा. संध्याकाळी चारनंतर हर्णैच्या लिलावाला आलात, तर दोघी तिथेच भेटतील.