नॉयश्टाटहून एका दिवसात कुठला वाइन प्रदेश जमेल?

तुमचा प्रश्न असा आहे: सप्टेंबरअखेर चौघं जण पाच दिवस जर्मनीतल्या फाल्ट्स या वाइन प्रदेशातल्या नॉयश्टाटला राहणार, गाडी घेणार नाही, तर शेजारच्या कुठल्या वाइन प्रदेशात सकाळी जाऊन रात्री परतता येईल?

एक दिवस फ्रान्समधल्या आल्साससाठी आणि एक जर्मनीतल्याच राइनहेसेनसाठी ठेवा. राइनगाउ जमेल, पण दमछाक होईल. मोझेल सरळ सोडून द्या. तिथल्या बेर्नकास्टेल गावाला रेल्वे स्टेशनच नाही, विटलिखला उतरून बस धरावी लागते आणि सगळा दिवस प्रवासातच जातो. तिथे जायचं तर मुक्कामालाच जावं.

आधी तिकिटाचं बघा. चौघांना एकत्र फिरायचं असेल तर राइनलांड-फाल्ट्स तिकीट, म्हणजे या राज्यातल्या लोकल गाड्यांचं एका दिवसाचं तिकीट, सोयीचं, एका तिकिटावर पाच जण चालतात. सोमवार ते शुक्रवार ते सकाळी ९ नंतरच लागू होतं, त्याआधीच्या गाडीत बसलात तर तुम्ही विनातिकीट ठरता. देशभरच्या लोकल गाड्यांना चालणारं डॉइचलांडतिकीट घेतलंत तर ते मासिक वर्गणीचं असतं, हे विसरू नका. चालू महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसेही कापले जातात. आणि नॉयश्टाट नावाची गावं जर्मनीत बरीच आहेत. तिकीट काढताना नावापुढे 'वाइनश्ट्रासे' आहे ना, ते पाहा.

आल्साससाठी सीमेवरचं विसांबुर गाव गाठा. नॉयश्टाटहून लांडाउ, विंडेनमार्गे थेट लोकल जाते, पाऊण ते एक तास लागतो, आणि वरची दोन्ही तिकिटं तिथपर्यंत चालतात. विसांबुर फ्रान्समध्ये आहे, म्हणून मूळ पासपोर्ट जवळ हवाच, मोबाइलमधला फोटो चालत नाही. जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून सगळ्या भूसीमांवर तपासणी सुरू केली, त्यामुळे परतताना गाडीत पोलीस विचारू शकतात. तुमचा शेंगेन व्हिसा दोन्हीकडे चालतो.

गावात जेवायचं तर १२ ते २ मध्येच. त्यानंतर स्वयंपाकघर बंद होतं. जेवण झालं की उत्तरेला जर्मनीतल्या श्वायगेन गावाकडे चालत निघा, अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता आहे. मला या भागातली सगळ्यात मोलाची गोष्ट इथे दिसते: सीमा द्राक्षबागांमधूनच जाते. श्वायगेनच्या काही उत्पादकांच्या बागा फ्रान्सच्या जमिनीवर आहेत, तरी त्या द्राक्षांची वाइन फाल्ट्सची म्हणून विकली जाते. तीच माती, तोच उतार, पण नियम वेगळे. पोहोचलात की १९३६ सालचं वाइनतोर, म्हणजे वाइनमार्गाची कमान, दिसेल. बोकेनहाइमपासून ८५ किलोमीटर आलेला जर्मन वाइनमार्ग इथे संपतो.

पलीकडची वाइन चाखायची तर क्लेबुरची सहकारी वाइनरी विसांबुरपासून सातेक किलोमीटरवर आहे. तिथे पिनो ग्री आणि ओक्सेरुआ या पांढऱ्या वाइन मागा. गोडीच्या बाबतीत गफलत होऊ देऊ नका. जर्मन 'ट्रोकेन' म्हणजे कोरड्या वाइनमध्ये लिटरमागे ९ ग्रॅमपर्यंत साखर असू शकते. आल्सासच्या बाटलीवर 'सेक' असेल तरच ती खरी कोरडी. 'म्वेलो' किंवा 'डू' असेल तर ती गोड निघणार.

राइनहेसेनसाठी लुडविग्सहाफेनला गाडी बदलून नीअरश्टाइनला जा, सव्वा ते दीड तास. इथला 'रोटर हांग' म्हणजे ऱ्हाइन नदीकाठचा लाल मातीचा उतार, खडक सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वीचा. स्टेशनवरून चालतच बागेत शिरता येतं. इथली रीसलिंग (पांढऱ्या द्राक्षाची वाइन) आणि तुमच्या मुक्कामाच्या गावाजवळची रीसलिंग एकाच दिवशी चाखलीत तर फरक जिभेवर लगेच कळतो.

राइनगाउला जायचंच असेल तर बिंगेन श्टाट स्टेशनला उतरून फेरीने र्‍यूडेसहाइम गाठा. बिंगेनचं मुख्य स्टेशन धक्क्यापासून लांब आहे. आणि तिथला वाइनसाठी प्रसिद्ध एबरबाखचा मठ शोधताना सावध राहा. नेकार नदीकाठी एबरबाख नावाचं वेगळंच गाव आहे, मठ मात्र एल्टविलेजवळ आहे.

सप्टेंबरअखेर द्राक्षांची तोडणी जोरात असते, त्यामुळे न कळवता गेलात तर वाइनरीत कुणाला वेळ नसतो. रविवारी तर बहुतेक बंदच असतात. दोन-तीन दिवस आधी ईमेल करा, चौघं आहात हे लिहा, आणि दिवसाला दोनपेक्षा जास्त वाइनऱ्या ठरवू नका.

त्या दिवसांत सगळीकडे फेडरवायसर मिळेल, म्हणजे अजून आंबत असलेली नवी वाइन. वायू बाहेर पडावा म्हणून तिचं झाकण सैल ठेवलेलं असतं. बाटली आडवी केलीत की पिशवी भिजली म्हणून समजा. ती तिथेच प्या. भारतात माणशी २ लिटर दारू शुल्काशिवाय नेता येते, म्हणजे प्रत्येकी ७५० मिलीच्या दोन बाटल्या, आणि त्या चेक-इन सामानात कपड्यांमध्ये गुंडाळून.