पाच फुटांवरून

पंचवटी, नाशिक
रविवार, दुपार

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

नाव मुद्दाम लिहीत नाही. तुझा फोन घरात चार जण हाताळतात, हे तूच सांगितलंस. आणि मला मॅडम म्हणणं सोड. काकू पुरे.

तू स्वतःचे काढून पाठवलेले चौदा फोटो पाहिले. आधी मोबाईलवर, मग भाचीच्या लॅपटॉपवर मोठे करून, काल रात्री पुन्हा एकदा. चौदापैकी नऊ फोटोंत तू पाठमोरा आहेस, तिनांत चादरीखाली, एकात नुसता अंधार. उरलेल्या एकात तोंड दिसतंय, तर त्याच्याखाली लिहिलंयस, 'काकू, हा बघू नका, नाक भज्यासारखं आलंय.'

अरे, नाशिकच्या पोराने नाकावरून रडायचं? इथेच पंचवटीत लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं, म्हणून गावाचं नाव नासिक, असं आपण शाळेत जायच्या आधीपासून ऐकत आलोय. जिचं नाक गेलं तिची कुणी चौकशी करत नाही, नाक मात्र गावाच्या पाटीवर चढून बसलंय.

तेव्हा आधी नाकाचा हिशेब मिटवू. एकदा भांडी बाजारात जा आणि चिंचेने लख्ख घासलेल्या तांब्याच्या हंड्याच्या बाहेरच्या अंगात आपलं तोंड बघ. अगदी जवळ गेलास की नाक एवढं मोठं आणि कान पार मागे पळालेले. दोन पावलं मागे सरकलास की तोच चेहरा बराचसा ताळ्यावर येतो. हंडा फुगीर असल्यामुळे तिथे हा खेळ जास्तच रंगतो, पण हात लांब करून काढलेल्या सेल्फीतही होतं ते हेच. नाकाचं टोक कानांपेक्षा बरंच पुढे असतं. कॅमेरा एक फुटावर असला की तेवढं अंतर फार होतं, पाच फुटांवर असला की कुणाच्या लक्षातही येत नाही. 2018 साली अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी याचं गणित मांडून छापलं, कारण स्वतःचे सेल्फी दाखवून 'नाक बारीक करून द्या' म्हणणारे लोक त्यांच्या दारात यायला लागले होते. एक फुटावरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा साधारण 30 टक्के रुंद दिसतं, असं त्यांचं उत्तर आलं. तुझं भजं बहुतेक या 30 टक्क्यांचंच आहे.

म्हणून एक सुतळी घे. एक टोक फोनच्या स्टँडला बांध, पाच फुटांवर गाठ मार. फोटो काढताना ती गाठ छातीला लावून उभा राहा, मग सुतळी सोड. समोरच्या कॅमेऱ्याने काढू नकोस. त्यात पडद्यावर सतत स्वतःला बघत बसतोस आणि तोंड आपोआप 'फोटोवालं' होतं. फोन उलटा लाव, मागचा कॅमेरा वापर. फोकस कुठे धरायचा हा तुझा प्रश्न होता ना? तुझ्या जागी झाडू उभा कर, पडद्यावर झाडूवर बोट दाबून धर, फोकस तिथेच पक्का होतो. मग झाडू काढ आणि तू उभा राहा. टायमर दहा सेकंदांचा. ते 'ब्युटी' नावाचं बटण कुठे असेल ते शोधून बंद कर. पुष्कळ फोनांत ते आपणहूनच चालू असतं, तुला न विचारता गालावरून इस्त्री फिरवतं.

आरशातला मी बरा आणि फोटोतला वाकडा, ही तुझी दुसरी तक्रार. ती सगळ्यांचीच असते. आरसा आपल्याला उलटा दाखवतो, भांग डावीकडचा उजवीकडे. जन्मभर तोच चेहरा बघून आपल्याला त्याची सवय झालेली. 1977 साली एक प्रयोग झाला होता. लोकांना त्यांचाच एक फोटो सुलट आणि उलट असा दोन्ही तऱ्हांनी छापून दाखवला. स्वतःचा बहुतेकांना आरशातल्यासारखा, म्हणजे उलट आवडला. त्यांच्याच मित्रांना मात्र सुलट आवडला. म्हणजे तुझ्या मित्रांना जो तू बरा वाटतोस तो तुला परका वाटतो. यावर उपाय काही नाही, माहीत असलेलं बरं एवढंच.

आता तुला जे खरं सांगायचंय ते.

माझे वडील फोटोग्राफर होते. रविवार कारंज्याजवळ माडीवर स्टुडिओ. पासपोर्ट, बारसं, आणि मुलगी दाखवायचे फोटो. हे शेवटचं काम मोठं. 'नाकी डोळी नीटस' अशी मुलगी सगळ्यांना हवी आणि देव तर तशा मोजून घडवतो, म्हणून बाकीचं रिटचिंगवर. तुमच्यासारखं पडद्यावर बोट फिरवून नव्हे. उतरत्या टेबलाच्या काचेवर निगेटिव्ह, म्हणजे काळ्याचं पांढरं नि पांढऱ्याचं काळं दिसणारी फिल्म, ठेवायची, खालून उजेड घ्यायचा, डोळ्याला भिंग लावायचं. देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, हे सगळं निगेटिव्हवर पारदर्शक दिसतं. तिथे टोकदार पेन्सिलीने शिसं भरायचं, बारीक बारीक, मुंगीच्या पावलांनी. तेवढा भाग छापताना उजळ येतो. उलट काम अवघड. अंगावर जे पांढरं, ते निगेटिव्हवर काळं, दाट. ते घालवायचं तर वरचा थर पात्याने खरवडावा लागतो. हात जरा जड पडला की निगेटिव्ह गेली.

मला चौदाव्या वर्षी कोड आलं. गळ्यावर आणि उजव्या हातावर. तू माझा हात पाहिलायस, विचारलं नाहीस, हे माझ्या लक्षात आहे. तेविसाव्या वर्षी वडिलांनी माझा फोटो काढला, साडीतला, स्टुलावर बसवून, आणि रात्री जागून माझा गळा पात्याने खरवडला. त्यांच्या हाताला तोड नव्हती. फोटोत मी इतकी छान आले की पाहुणे आठ दिवसांत दारात. मी चहाचा ट्रे घेऊन आले. मुलाच्या आईने आधी माझ्या हाताकडे पाहिलं, मग गळ्याकडे, मग पर्समधून फोटो काढून त्याच्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, 'यात नव्हतं.' चहा प्यायले बिचारे, गेले. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, माझं नाक चांगलं होतं तरी आली.

वडिलांवर मी रागावले नाही. ते जे करत होते ते त्यांच्या भाषेत प्रेमच होतं. पण त्या आठवड्यात एका दुपारी, ते जेवायला घरी गेल्यावर मी स्टुडिओचं दार आतून लावलं. यशिकाचा दोन लेन्सचा कॅमेरा होता, वरून खाली बघायचा. त्यात बारा फोटोंचा रोल भरला. पदर काढला, गळा मोकळा ठेवला, टायमर ओढला. सर्रर्र असा आवाज येतो त्याचा, आणि शेवटी टक्. त्या आवाजात नुसतं उभं राहायचं, तुला कुणी बघत नसताना. मला ते इतकं अवघड गेलं की पहिल्या चार फोटोंत मी डोळे मिटून घेतलेत.

रोल धुतला. फिक्सरमधून काढून ओलीच फिल्म बल्बसमोर धरली. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, माहीत आहे तुला. माझे केस पांढरे, कातडी उजळ, आणि गळ्यावरचे डाग काळेभोर. पाणी ठिबकत होतं. एका डागाची कड हाडाजवळ आत वळली होती, दुसरा अगदी आंब्याच्या पानासारखा, देठासकट. नऊ वर्षं तो डाग माझ्या अंगावर होता आणि त्याचा आकार मला तेव्हा कळला. रोज आरशात बघत होते की, पण बघायची ती 'आज वाढलंय का' एवढंच.

हे मी तुला का सांगतेय? तुझ्या पाठमोऱ्या नऊ फोटोंत मला ते पातं दिसलं. तू खरवडत नाहीस, तू फिरून उभा राहतोस, चादर घेतोस, अंधार करतोस. काम तेच. अंधारातला फोटो तुला 'आर्टिस्टिक' वाटला असेल. मला त्यात पोट लपवणारा मुलगा दिसला. वाईट वाटून घेऊ नकोस, लपवणं हासुद्धा विषय होऊ शकतो, पण मग लपवतोयस हे फोटोत दिसलं पाहिजे.

एक फोटो मात्र चांगला आहे. चौथा. तू दुपारी चटईवर झोपून उठला असणार, कारण पाठीवर चटईचे वळ उमटलेत, तिरके, आणि खिडकीच्या गजांची सावली त्यांच्यावरून आडवी गेलीय. डाव्या खांद्याखाली वळ नाहीत, तेवढी जागा उचललेली होती, म्हणजे तू उजव्या कुशीकडे कलून झोपतोस. तुला हे माहीत होतं का? तो फोटो काढताना तू पोटाचा विचार करत नव्हतास, घाईत होतास. असे आणखी काढ.

आणि 'मी जसा आहे तसा सुंदर' असल्या पाट्या गळ्यात अडकवू नकोस. आजकाल फार चालतात. पोट आवडलंच पाहिजे अशी कुणाची सक्ती नाही. मला माझा गळा आजही सुंदर वाटत नाही, ओळखीचा वाटतो, आणि माझं भागतं त्यावर. जॉन कोपलान्स म्हणून एक गृहस्थ होते, कलेच्या मासिकाचे संपादक. साठी उलटल्यावर, 1984 पासून, त्यांनी स्वतःच्या उघड्या अंगाचे काळेपांढरे फोटो काढायला घेतले. सुटलेलं पोट, केसाळ पाठ, टाचा, वळलेल्या मुठी. चेहरा एकातही नाही. बघताना आधी हसू येतं, मग हळूहळू तो माणूस डोंगरासारखा, खडकासारखा दिसायला लागतो. सापडले तर बघ.

हे काम कॅमेऱ्याइतकंच जुनं आहे, उगाच मोबाईलवाल्यांचं फॅड समजू नकोस. 1840 साली फ्रान्समध्ये बायार नावाच्या माणसाने स्वतःचा 'बुडून मेलेला मी' असा फोटो काढला. फोटोग्राफीची एक रीत त्यानेही शोधली होती, मान दुसऱ्याला मिळाला, त्याचा हा रुसवा. त्यात त्याचं अंग उजळ आणि तोंड नि हात काळपट दिसतात. प्रेताचे हात-तोंड कुजायला लागलेत, असं त्याने मागे लिहून ठेवलं. खरं म्हणजे ते उन्हाने रापलेले होते, आपल्याकडे द्राक्षबागेत राबणाऱ्या कुणाचेही असतात तसे. जयपूरचे महाराजा सवाई रामसिंह शिवभक्त होऊन पूजेला बसले आणि तसा स्वतःचा फोटो काढला. चित्रकार अमृता शेरगिलचे वडील उमरावसिंह कित्येक दशकं स्वतःचे फोटो काढत राहिले, तरुणपणापासून पांढरी दाढी होईपर्यंत, कधी सुटाबुटात, कधी उघड्या अंगाने. एकाच देहाचं एवढं लांबलचक रोजनाम्यासारखं काम मला फार आवडतं.

आता या महिन्याचा अभ्यास. रोज एकच अवयव. कोपर, टाच, कान, बेंबी. सकाळी आठच्या सुमाराचा खिडकीचा उजेड, दिवा लावायचा नाही. काढलेला फोटो आठ दिवस उघडायचा नाही. आमच्या वेळी रोल संपेपर्यंत थांबावंच लागायचं, म्हणून निम्मी अक्कल आपोआप यायची. तू काढतोस, बघतोस, किळस येते, पुसतोस, सगळं दहा सेकंदांत. आठ दिवसांनी बघितलं की ते कोपर कुणा दुसऱ्याचं वाटतं आणि दुसऱ्याच्या कोपराला आपण नावं ठेवत नाही. पुसायचं तर तेव्हा पूस.

फोनमधलं आपोआप बॅकअप आधी बंद कर, नाहीतर तुझी बेंबी वडिलांच्या टीव्हीवर झळकेल. उघड्या अंगाचे फोटो कुणालाही पाठवायचे नाहीत. कुणालाही म्हणजे मलासुद्धा. छापून आण, वहीत चिकटवून. आणि एक गोष्ट नीट ऐक. मागे तू म्हणालास, पोटापायी रात्रीचं जेवण सोडलंय आणि आरशासमोर तासतास जातो. तसं अजून चालू असेल तर कॅमेरा बाजूला ठेव आणि डॉक्टरांकडे चल. मी येईन बरोबर. त्याला फोटोग्राफीचं औषध चालत नाही.

एखाद्या सकाळी रामकुंडावर जाऊन बस. कॅमेरा न नेता. 2015 च्या सिंहस्थात इथे लांब लांब लेन्स रोखून लोकांची अंगं टिपणाऱ्यांची इतकी गर्दी होती की मला फोटोग्राफर म्हणवून घ्यायची लाज वाटली. तू नुसता पायरीवर बस. सुटलेल्या पोटांचे काका पंचा गुंडाळून डुबकी मारतात, म्हाताऱ्या ओल्या लुगड्याने काठावर बसून पाय चोळतात, कुणाची बरगडी न् बरगडी मोजून घ्यावी. कुणीही श्वास ओढून पोट आत घेत नाही. तिथून घरी जाशील तेव्हा कपडे बदलताना काय वाटतं, ते मला सांग.

वडिलांनी खरवडलेली ती निगेटिव्ह अजून माझ्याकडे आहे, आणि मी काढलेले बाराही आहेत. पुढच्या रविवारी ये, खिडकीला धरून दोन्ही दाखवते. चारनंतर ये, त्याआधी मी झोपलेली असते. येताना सुतळी आण. झाडू आहे इथे.

तुझी,
काकू