तक्ता वाचता येतो, दुचाकी का दिसत नाही?

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, तक्त्यावरची शेवटची ओळही वाचतात. तरी गाडी चालवताना बाजूने आलेली दुचाकी त्यांच्या लक्षात येत नाही. असं का?

उत्तर : आधी नेत्रतज्ज्ञांकडून दृष्टिक्षेत्राची तपासणी करून घ्या. काचबिंदूतही कडेचं दिसणं जातं आणि तक्ता ते दाखवत नाही. एका बाजूचं अचानक दिसेनासं झालं, तर थेट रुग्णालय गाठा.

तपासणी ठीक आली तर प्रश्न लक्षाचा. डोळे न हलवता एका क्षणात जेवढं टिपता येतं, तो आवाका वयानुसार आक्रसतो. गर्दीत, गप्पांत तर फारच. पण कुठे पाहायचं हे आधी ठाऊक असेल, तर ज्येष्ठ बरंच सावरतात. म्हणून चौकात मान वळवून उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे बघायची सवय लावा. पुढच्या गाडीपासून ४ सेकंदांचं अंतर ठेवा. ‘पुढे डावीकडे’ हे वळणाच्या बरंच आधी सांगा. ऐन वळणावर शेजारच्याने बोलू नये.

सरावाचाही उपयोग होतो. अमेरिकेतल्या ‘अ‍ॅक्टिव्ह’ अभ्यासात संगणकावर झटपट टिपण्याच्या १० सत्रांनंतर पुढच्या ६ वर्षांत स्वतःच्या चुकीने होणारे अपघात जवळपास निम्मे झाले. पाठांतराच्या सरावानं तो फरक पडला नाही.