डेंड्रोबियम ऑर्किडच्या जुन्या काड्या कापाव्यात का?

प्रश्न : बाल्कनीतल्या डेंड्रोबियमची फुलं संपली. दोन काड्यांची पानंही झडली आहेत. त्या बुडापासून कापल्या तर नवे फुटवे येतील का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : काड्या हिरव्या असतील तर मुळीच कापू नका. पानं नसली तरी त्यांत पाणी आणि अन्न साठलेलं असतं. नवा फुटवा त्यावरच पोसतो आणि पुष्कळदा त्याच काडीच्या शेंड्याजवळ पुन्हा कळ्या धरतात. कापायचा तो वाळलेला फुलांचा दांडा, काडीपासून सेंटिमीटरभर ठेवून. काडी पूर्ण तपकिरी, सुरकुतलेली आणि दाबल्यावर पोकळ लागली, तरच ती बुडाशी काढा.

कात्री आधी ज्योतीवर तापवून गार करा, आणि प्रत्येक झाडासाठी पुन्हा. हे टाळू नका : ऑर्किडचे विषाणू रसातून पसरतात आणि लागण झालेलं झाड बरं होत नाही. कापलेल्या जागी चिमूटभर दालचिनीची पूड लावा, पण मुळांवर सांडू देऊ नका, ती सुकतात.

कुंडीबाहेर आलेली पांढरट मुळं निरोगी आहेत, राहू द्या. काडीवर पिल्लू (छोटं नवं रोप) फुटलं तर त्याची मुळं 5 सेंमी झाल्यावर वेगळं करा.

पावसाळ्यात मात्र रोज बूड तपासा. काडी तिथे मऊ, काळपट झाली तर ती कूज आहे. निरोगी हिरवा भाग दिसेपर्यंत लगेच कापा आणि दोन-तीन दिवस पाणी तोडा. कुंडीत माती असेल तर कूज परत येणारच, म्हणून कोळसा आणि विटांचे तुकडे भरा.