जुना वाडा, पूर आणि घराचा विमा: वाचकांचे प्रश्न

बडोद्याच्या दांडिया बाजारात आमचा आजोबांच्या वेळचा लाकडी वाडा आहे. एजंट म्हणतो, "कच्चं बांधकाम, विमा होणार नाही." खरं का?

नाही. विम्याच्या भाषेत कच्चं म्हणजे भिंती किंवा छत फळ्या, गवत, बांबू, ताडपत्री अशा वस्तूंचं असणं. सागवानी खांब-तुळया, मध्ये विटांची भिंत आणि वर कौलं असा वाडा त्यात बसत नाही. एजंटाकडून नकाराचं कारण लेखी मागा.

वाड्याच्या खऱ्या अडचणी वेगळ्या असतात. पहिली वायरिंगची. माडीवर अजून कापडी वेष्टणाच्या तारा आणि जुना फ्यूज असेल, तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, मग एजंटाला. लाकडात लागलेली आग लगेच आटोक्यात येत नाही, आणि अरुंद पोळीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या गल्लीत, बंबही आत शिरत नाही. नव्या वायरिंगचं बिल जपून ठेवा. दुसरी, महापालिकेची जर्जरित इमारतीची नोटीस. ती आली असेल तर लपवू नका. वाळवीनं किंवा वयानं तुळई खचली तर विमा भरपाई देत नाही. विमा अचानक घडलेल्या घटनेचा असतो, झिजेचा नव्हे.

तिसरी अडचण मला सर्वांत जास्त वेळा दिसते. प्रॉपर्टी कार्डावर अजून आजोबांचं नाव, हप्ता भरणारा नातू, आणि वाड्यात चार काकांचा वाटा. घर जळाल्यावर पैसे नेमके कोणाला, यावरून क्लेम महिनोन् महिने अडकतो. वारसनोंद आधी करून घ्या आणि सगळ्या हिस्सेदारांची नावं पॉलिसीत घाला. भावकीत हा विषय काढणं जड जातं हे मी जाणतो, पण दुर्घटनेनंतर तो काढणं त्याहून जड जातं.

आमचं तळमजल्याचं घर विश्वामित्री नदीजवळ आहे. २०१९ आणि २०२४, दोन्ही वेळा पाणी घरात आलं. अर्जात ते लिहिलं तर विमा मिळेल का?

लिहाच. ऑनलाइन अर्ज केला की बहुतेक वेळा घर बघायला कोणी येत नाही आणि पॉलिसी पाच मिनिटांत हातात पडते. सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासणारा माणूस, येतो तो नुकसान झाल्यावर. तेव्हा त्याला भिंतीवरची जुनी ओल दिसते, शेजारीही सांगतात, आणि "आधी पाणी आलं होतं का?" या रकान्यातलं तुमचं "नाही" तुमच्याच विरुद्ध उभं राहतं. अशा खोट्या उत्तरापायी क्लेम गमावलेली घरं मी पाहिली आहेत. नकार मिळालेला परवडतो, दुसरी कंपनी गाठता येते. हप्ते भरून रिकाम्या हाती राहणं परवडत नाही.

पाणी कुठवर चढलं, ते किती दिवस राहिलं, नंतर ओटा किंवा मीटर किती उंच केला, हे फोटोंसह द्या. ३१ जुलै २०१९ च्या एका दिवसाच्या पावसानं आणि ऑगस्ट २०२४ च्या पुरानं बडोद्याचं काय केलं, हे कंपन्यांनाही ठाऊक आहे. पूर आलेलं घर म्हणजे विमा नाकारलेलं घर, असं नसतं.

पॉलिसी मात्र नीट निवडा. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या 'भारत गृह रक्षा' या प्रमाणित पॉलिसीत पूर, वादळ आणि भूकंप मुळातच धरलेले आहेत. जुन्या पद्धतीच्या आगीच्या पॉलिसीत वादळ-पुराचा भाग, म्हणजे 'एसटीएफआय', वगळून हप्ता कमी करता येत असे. घरात अशी जुनी पॉलिसी असेल तर आज रात्रीच काढून वाचा. गृहकर्जाबरोबर बँकेनं दिलेला विमाही तपासा. काही वेळा तो कर्जदाराच्या आयुष्याचा निघतो, घराचा नसतोच.

मुलं परदेशात असतात, आम्ही सहा महिने तिकडे जातो. घर बंद असतं.

बऱ्याच पॉलिसींत सलग ३० दिवसांपेक्षा जास्त घर रिकामं राहिलं तर संरक्षण थांबण्याची अट असते. निघण्यापूर्वी कंपनीला लेखी कळवा आणि त्यांचं उत्तर जपून ठेवा. मेन स्विच, गॅस आणि पाण्याचा मुख्य कॉक बंद करा. किल्ली शेजाऱ्यांकडे असू द्या.

विमा बाजारभावाचा काढायचा का?

नको. जमीन जळत नाही, वाहूनही जात नाही. चटई क्षेत्राला (कार्पेट एरियाला) आजच्या बांधकामाच्या दरानं गुणा. ९०० चौरस फूट आणि फुटाला २,००० रुपये धरले, तर १८ लाख होतात. 'भारत गृह रक्षा'त त्याच्या २० टक्के, म्हणजे इथं ३ लाख ६० हजारांचं घरसामान यादी न देता आपोआप धरलं जातं (कमाल १० लाख). दागिने त्यात येत नाहीत, ते वेगळे सांगावे लागतात. वाड्याच्या बाबतीत कोरीव सागवानाचा खर्च साध्या दरात बसत नाही. तो सुतार किंवा इंजिनिअरकडून अंदाजपत्रक घेऊन अर्जातच दाखवा.