युद्धग्रस्त भागात मदतकार्य करणारी संस्था तग धरेल अशी कशी घडवावी?

तुम्ही विचारलंय की तुमची संस्था संघर्षाच्या भागात काम सुरू करतेय, तर टीम कणखर व्हावी म्हणून कोणतं प्रशिक्षण द्यावं. मी अशा कामात सात वर्षं होतो, बहुतेक काळ गाड्या, गोदाम आणि सुरक्षेची बाजू सांभाळत. प्रशिक्षण जरूर द्या. पण माणसं कणखर असूनही संस्था कोलमडलेली मी पाहिली आहे.

आमच्या सुरक्षा आराखड्याची वीसेक पानं होती आणि त्यातली निम्मीअधिक बाहेरून आलेल्यांना सुखरूप बाहेर कसं काढायचं यावर. एका रात्री तशी वेळ आलीच. परदेशी सहकारी गेले; ड्रायव्हर, नर्स, गोदामवाले तिथेच राहिले, कारण त्यांचं घरच तिथे. सकाळपासून दवाखाना त्यांनीच चालवला. मात्र तिजोरीची किल्ली आणि सहीचा अधिकार दोन्ही विमानात बसून निघून गेले होते! तीन आठवडे कुणाला पगार नाही, डिझेल उधारीवर.

मारल्या जाणाऱ्या मदत कर्मचाऱ्यांत बहुसंख्य त्या-त्या देशातलेच असतात. 2006 साली श्रीलंकेत मुत्तूरला अॅक्शन अगेन्स्ट हंगरच्या 17 जणांना संस्थेच्याच आवारात गोळ्या घातल्या, ते सगळे श्रीलंकेचेच होते. म्हणून सुरुवात इथून करा. मागे राहणाऱ्यांपैकी किमान दोघांना सहीचा अधिकार, दोन महिन्यांचा आगाऊ पगार, विमा, कुटुंब हलवायचं तर खर्च, आणि 'आज मी या रस्त्याने जाणार नाही' म्हटल्यावर नोकरी जाणार नाही याची लेखी हमी. शेवटचं सगळ्यात अवघड. आमचे ड्रायव्हर चेकपोस्टवरच्या माणसाच्या आवाजावरून ओळखायचे की आज काहीतरी बिनसलंय, पण बोलायला कचरायचे.

दुसरं, एकाच कवचावर विसंबू नका. 2015 मध्ये अफगाणिस्तानात कुंदुझमधल्या एमएसएफच्या (डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या वैद्यकीय मदत संस्थेच्या) रुग्णालयाचं नेमकं ठिकाण लढणाऱ्या बाजूंना आधीच कळवलेलं होतं, तरी अमेरिकी हवाई हल्ल्यात 42 जण गेले. एप्रिल 2024 मध्ये गाझात अन्न पुरवणाऱ्या वर्ल्ड सेंट्रल किचन या संस्थेचा ताफा इस्रायली लष्कराशी मार्ग ठरवून निघाला होता. सात जण मारले गेले. ठिकाण कळवायचंच, गावातल्या सगळ्या गटांशी बोलणंही चालू ठेवायचं, पण एका रस्त्यावर किंवा एका गोदामावर सगळं टांगून ठेवायचं नाही.

कधी थांबायचं हे डोकं शांत असताना ठरवा. ऐन गोंधळात प्रत्येकाला 'अजून एक आठवडा' म्हणावंसं वाटतं, मलाही वाटायचं. एमएसएफने 2004 मध्ये पाच सहकारी मारले गेल्यावर अफगाणिस्तान सोडलं आणि 2009 मध्ये तिथे पुन्हा काम सुरू केलं. निघून जाणं म्हणजे संपणं असं मी तरी मानत नाही.

संचालक खर्चाला कुरकुरले तर त्यांना ओस्लोच्या न्यायालयाचा 2015 चा निकाल दाखवा. केनियात दादाबच्या निर्वासित छावणीतून अपहरण झालेल्या कर्मचाऱ्याने नॉर्वेजियन रेफ्यूजी कौन्सिलवर दावा लावला होता. संस्थेचा गंभीर निष्काळजीपणा न्यायालयाने मान्य केला आणि भरपाई द्यायला लावली. सुरक्षेचा खर्च कार्यक्रमाच्या बजेटातच धरा, 'इतर'मध्ये टाकलात की देणगीदार पहिल्यांदा तोच कापतात.

राहिली सुट्टी. ती सक्तीची ठेवा, प्रमुखालाही. आमचा प्रमुख चौदा महिने हलला नाही, आणि शेवटी शेवटी तर रेडिओवरचे इशारेही त्याला कटकट वाटायला लागले होते.