जिन्याची कड दाखवणारा चष्मा घ्यावा का?

प्रश्न : माझ्या वडिलांना रेटिनायटिस पिगमेंटोजा हा डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. मधोमध दिसतं, पण बाजूचं आणि खालचं दिसत नाही. तिन्हीसांजेला जिना उतरताना पाय चुकतो. समोरच्या दृश्यावर खुणा उमटवणारा ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटीचा चष्मा उपयोगी पडेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : आत्ता चष्मा घेऊ नका. न्यूयॉर्कच्या कॉर्नेल टेकमधल्या संशोधकांनी अंधुक दिसणाऱ्यांसाठी जिन्यावर हेच करून पाहिलं. ते काम २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. पायऱ्यांच्या कडांवर उजेडाची रेघ उमटवायची, हा सरळ विचार. पण त्यांनी वापरलेल्या होलोलेन्स या मायक्रोसॉफ्टच्या चष्म्यात चित्र दिसतं ते सुमारे ३० अंश रुंद आणि १७ अंश उंच एवढ्याच चौकटीत. पायाजवळची रेघ बघायला मान पार खाली घालावी लागते, आणि उतरताना तेच धोक्याचं. म्हणून त्यांनी खूण समोरच आणली : पहिली पायरी, मधल्या पायऱ्या, शेवटची पायरी, असा टप्पा बदलला की रंग बदलतो. कल्पना फार चांगली आहे. मात्र असा चष्मा उजेडात फक्त भर घालतो, त्यामुळे उन्हात खुणा फिक्या पडतात. शिवाय त्याच्या पुढच्या आवृत्तीचं, होलोलेन्स २चं, उत्पादन २०२४ मध्ये थांबलं.

घरात आयफोन १२ प्रो किंवा त्यानंतरचा प्रो असेल, तर त्यातल्या मॅग्निफायर अ‍ॅपमध्ये दार आणि माणूस ओळखण्याची सोय आहे. लायडार या प्रकाशकिरण सोडणाऱ्या सेन्सरने अंतर मोजून फोन ते बोलून सांगतो. सेन्सरचा पल्ला साधारण ५ मीटर. काचेतून किरण आरपार जातात, त्यामुळे काचेचं दार चुकू शकतं. जिन्यासाठी यावर विसंबू नका.

आधी जिना दिसता करा. प्रत्येक पायरीच्या अगदी कडेला ५ सेंटिमीटर रुंद अँटी-स्किड टेप लावा : काळ्या कडप्प्यावर पिवळी, पांढऱ्या फरशीवर काळी. टेप कडेपासून आत सरकली, तर पायरी तिथेच संपते असं वाटतं आणि पाय चुकतो. चकचकीत टेप नको, दिव्याखाली ती चमकते. दिव्यालाही झाकण हवं. उघडा बल्ब डोळ्यांवर आला की त्यांना उलट कमी दिसेल.

उतरताना एक हात कठड्यावर, दुसऱ्या हातात पांढरी काठी. काठीचं टोक एक पायरी पुढे, अधांतरी ठेवायचं. ते जमिनीला टेकलं की शेवटची पायरी आली. हे वळण प्रशिक्षकाकडून लावून घ्या. टेप लावल्यावर त्यांना तिन्हीसांजेलाच, तुम्ही एक पायरी खाली उभे राहून, उतरवून पाहा.